पुसलेले पाच आकडे

गुलटेकडी, पुणे
रविवार, १९ जानेवारी २०२५

दादा,

सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखलं असशील तर पाकीट लगेच फाडू नकोस. एवढं एक वाच.

तुझा पत्ता मावशीच्या तनयाकडून घेतला. गेल्या दिवाळीत सुरतेला सासरी जाताना तू तिला वापी स्टेशनवर दिसलास, हे तिच्या तोंडून चुकून गेलं, आणि मग मी तीन महिने तिच्या मागे लागले होते. तिच्यावर रागावू नकोस. फोन नंबर तिने शेवटपर्यंत दिला नाही. "तेवढा शब्द मोडायला लावू नकोस," म्हणाली. म्हणून पत्र.

तुझ्या मुलीचं नाव आम्रपाली आहे आणि ती चार वर्षांची आहे, हेही तिनेच सांगितलं. मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. फक्त ती भाकरी एवढी मोठी झाली की तव्यावर मावेना.

घरी तसं बरं आहे. मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. रविवारी विहारात मुलांचा अभ्यास घेते. पप्पांनी दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डातली हमाली सोडली. बिल्ला परत करून आले त्या दिवशी दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस फेब्रुवारीला ठरलंय.

पत्र लिहायचं कारण असं, की पप्पांनी त्यांचं घड्याळ मागितलंय. डॉक्टर तारीख सांगत होते आणि हे मध्येच म्हणाले, "पट्टी काढली की पहिलं मला माझं घड्याळ दाखवा." डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

अकरा वर्षं ते डबीतच आहे. तू गेल्यापासून त्यांनी ते एकदाही मनगटाला लावलं नाही. चौदा एप्रिलला नाही, सहा डिसेंबरला नाही, माझ्या पदवीदान समारंभालाही नाही. तुला आठवत असेल, ते म्हणायचे, "माझी शाळा एवढीच. बारा आकड्यांची." करमाळ्याहून आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. मराठी आकड्यांची तबकडी बघून ते घड्याळ घेतलं आणि पोत्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून एकेक आकडा पाठ केला. तुलाही त्यांनी आकडे त्यावरच शिकवले. मलाही.

परवा मी डबी उघडली. काचेच्या आत पिवळी धूळ आहे. भुसार विभागातली हळद इतकी वर्षं झाली तरी गेली नाही. आणि खालचे पाच आकडे, चार ते आठ, नाहीत. ते त्या दिवशी जे झालं तेव्हापासूनच नाहीत.

मला ते नीट साफ करून घ्यायचं आहे. तू केमिकलच्या कंपनीत आहेस, घरातला रेडिओही तूच उघडायचास. घड्याळाच्या तबकडीला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तुला माहीत असेल. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी बहीण,
दीक्षा

*

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम.

पत्राची पोचपावती परत आली. सही तुझी नाही. ‘कल्याणी रा. ओव्हाळ’ असं सुंदर अक्षरात लिहिलं आहे. आईने ती पावती तिच्या पोथीत ठेवली आहे. वहिनीला आमचा जयभीम सांग.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच चौकशी केली. बुधवार पेठेत, जुन्या पुस्तकांच्या गल्लीत एका जिन्याखाली श्यामसुंदर मेहेंदळे म्हणून गृहस्थ बसतात. सत्तरीच्या पुढचे असतील. दुकानाबाहेर पाटी आहे : ‘येथे वेळ विचारू नये.’

मी डबी पुढे केली आणि म्हटलं, "पाणी शिरून खालचे आकडे गेलेत. तबकडी साफ करायची आहे."

"कशाने करणार होतात?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

"हे बरं केलंत. नाहीतर लोक आधी टूथपेस्टने घासतात आणि मग माझ्याकडे शोकसभेला येतात."

पावतीवर नाव लिहून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं. मी उगाच ताठ बसले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, काच काढली आणि तबकडी दिव्याखाली फिरवून बघितली. मग म्हणाले, "अंधारात चमकणारे रेडियमचे ठिपके नाहीत, ते एक चांगलं. तसल्या जुन्या रंगाला मी हात लावत नाही, तुम्हीही कधी खरवडू नका."

मी तोंड जवळ नेऊन बघायला लागले तर ओरडलेच. "अहो, श्वास! तोंडाने फुंकायचं नाही. थुंकी उडते. तुम्हाला दिसत नाही, तबकडीला कळते."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांना सांगायला आवडतं, फक्त तसं दाखवत नाहीत. आधी काटे उतरवायचे, तेही खाली प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून, म्हणजे चिमट्याचा ओरखडा पडत नाही. तबकडीला बोट लावायचं नाही, धरायची ती कडेने, बोटांना रबरी टोप्या घालून. मग रबराच्या फुग्याने हवा मारायची. जी धूळ हवेने जाते तिला हात लावायचा नाही. उरली तर मऊ कोरडा कुंचला, तोही वजन न देता. त्यानेही सुटली नाही तर मळलेल्या कणकेसारखा एक हिरवट गोळा असतो, तो टेकवायचा आणि उचलायचा. "टेकवायचं, उचलायचं. घासायचं नाही. पाणी नाही, साबण नाही, स्पिरिट नाही. आकडे शाईचे असतात हो, वर नखाएवढंही कवच नसतं. आणि डाग निघत नसेल तर राहू द्यायचा. डाग असलेली तबकडी चालते, आकडे नसलेली नाही चालत."

मग त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं.

"हे पाण्याने गेलं असं कोण म्हणालं?"

"घरात सगळे तसंच समजतात."

"पाणी शिरलं असतं तर काट्यांना गंज आला असता, तबकडीवर कडा उमटल्या असत्या. इथे बघा. एकाच दिशेच्या रेघा आहेत, डावीकडून उजवीकडे. आठ, सात, सहा, पाच, चार. कुणीतरी काच काढून ओल्या फडक्याने पुसलंय. चांगलं मन लावून."

मी भिंग परत दिलं.

घड्याळ त्यांनी ठेवून घेतलं, डबी परत दिली. "ही न्या. माझ्याकडे डब्यांचं संग्रहालय नाही."

म्हणजे दादा, तुझी काही चूक नव्हती. जयंतीच्या आदल्या रात्री तू मंडपात ते घड्याळ घालून गेलास, पण तुझ्या हातून त्यात पाणी गेलं नाही. हे आता एका जाणकार माणसाने सांगितलं आहे. मी पप्पांना हे सांगणार आहे.

दीक्षा

*

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

दादा,

रविवारचं पत्र परत मागता आलं असतं तर मागितलं असतं. सोमवारी सकाळी ते पोस्टात दिलं आणि शाळेत पोचेपर्यंत मला स्वतःची इतकी लाज वाटली की पहिला तास मी नुसत्या परीक्षानळ्या धूत उभी होते.

मी ते असं लिहिलं की जणू मला रविवारी कळलं.

मला तेरा एप्रिल दोन हजार चौदापासून माहीत आहे. पुसणारी मी होते.

जयंतीच्या आदल्या दिवशी सगळे फोटो, बुद्धमूर्ती, काचा पुसायचं काम माझ्याकडे असायचं. दुपारी आई बाहेर कपडे वाळत घालत होती. मी सगळं पुसून काढलं आणि मग मला वाटलं, उद्या पप्पा घड्याळ लावणार, तेही चकचकीत करावं. काच सैल झालेलीच होती. पप्पा कधीपासून म्हणत होते, काच हलतेय. मी अंगठ्याच्या नखाने ती उचकटली. आत हळद बसली होती. फोटोच्या काचा पुसायला साबणाचं पाणी केलं होतं, त्यात फडक्याचं टोक बुडवलं आणि खालून सुरुवात केली. आठपासून. हळद निघाली म्हणून मला आनंद झाला. एका दमात चारपर्यंत गेले. फडकं उचललं तर ते काळं झालं होतं.

मी बारा वर्षांची होते, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आले. काच परत बसवली तेव्हा मी बारा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही बारा वर्षांचीच होते. पण तो दिवस मला जसा आहे तसा लिहायचा आहे.

विहारासमोर निळी कमान होती. वंदना नुकतीच संपली होती. मी पांढरा फ्रॉक घालून फुलांचं ताट धरून उभी होते. खोटं न बोलण्याचं शील, ‘मुसावादा वेरमणी’, मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं, कारण माझं पाठांतर चांगलं होतं. पप्पांनी वेळ बघायला हात वर केला आणि तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "रात्री घड्याळ कुणी घातलं?" तू लगेच म्हणालास, "मी." तू लपवलं नाहीस. तू म्हणालास, "घातलं, पण मी काही केलं नाही." पप्पा म्हणाले, "मग आकडे काय आपसूक पुसले?" आणि सगळ्या वस्तीसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू एकोणीस वर्षांचा होतास. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "जाऊ द्या कचरूदादा, आज नको." आणि पप्पा म्हणाले, "ह्याच्या हाताला काही टिकत नाही. शाळा टिकली नाही, घड्याळ टिकलं नाही."

तेव्हा मी तोंड उघडायचं होतं. माझ्या हातात ताट होतं. मी ते नीट धरून उभी राहिले.

दोन दिवसांनी सकाळी तू गेलास. त्यानंतर या घरात जे काही होतं ते माझ्या वाट्याला आलं. खिडकीजवळची जागा, दिवा, शिकवणी, पप्पांचं लक्ष. मी पदवी घेतली तेव्हा लोक म्हणाले, ओव्हाळांच्या घरातली पहिली. मी मंचावर उभी राहून सत्यावर भाषणंही केली आहेत. विहारातल्या वर्गात निकिता म्हणून एक मुलगी आहे, तिने मागच्या महिन्यात विचारलं, "ताई, तुम्ही खोटं बोलला नाहीत कधीच?" मी म्हटलं, "खोटं बोलणं आणि गप्प राहणं यात फरक असतो." ती म्हणाली, "कसला?" मी तिला पुढचा धडा उघडायला लावला.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तो हक्क मला नाही. पण तुझ्यावरचा तो आळ मी काढणार आहे. ऑपरेशन होऊ दे, पट्टी निघाली की पहिल्यांदा पप्पांना हे सांगेन. त्या आधी धक्का नको, असं डॉक्टर म्हणाले आहेत. हे खरंच म्हणाले आहेत, मी पळवाट काढत नाही.

दीक्षा

*

रविवार, २ मार्च २०२५

दादा,

पाच फेब्रुवारीच्या पत्राची पोचपावती आली. या वेळी सही तुझी आहे. ‘रा’चा काना तू अजून तसाच खाली ओढतोस. त्याखाली काहीच नाही. ठीक आहे. तू वाचलंस एवढं मला पुरे, असं लिहिणार होते, पण ते पुरे नाही. तरी पुढचं सांगते, कारण ते तुझंच आहे.

ऑपरेशन नीट झालं. एकवीसला पट्टी काढली. पप्पांनी भिंतीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "ललिता, तू म्हातारी झालीस गं." आई म्हणाली, "तुम्ही आरशात बघायचे राहिलात अजून."

मग घरी येताच त्यांनी घड्याळ मागितलं. मी सांगितलं, बुधवार पेठेत दिलंय. आणि तिथेच, त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून, जे तुला लिहिलं होतं ते सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

पप्पा एकच शब्द बोलले. "माहितीये."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. ते म्हणाले, "डबी आण."

डबी आणली. ज्या डबीतून मी ते घड्याळ बसमधून नेलं, जी मेहेंदळे काकांनी परत दिली, तीच. पप्पा म्हणाले, "खालचा लाल कागद काढ." कागद गोंदाने चिकटवलेला नव्हता, नुसता दाबून बसवला होता. खाली फडक्याचा चौकोनी तुकडा होता. माझ्या जुन्या शाळेच्या फ्रॉकचा. त्यावर पिवळा पट्टा आणि मधून काळी रेघ.

ते फडकं मी त्या दुपारी बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे खोचलं होतं. नंतर काढायला गेले तर नव्हतं. उंदरांनी नेलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

"राकेश गेला त्याच्या चौथ्या दिवशी," पप्पा म्हणाले. "फोटो वाकडा दिसत हुता. सरळ करायला उतरवला, तर हे पडलं. तुझ्या झग्याचं कापड मला कळत नाय व्हय?"

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"तुला काय बोलायचं? बारा वर्साची पोर. एक गेला हुता, दुसरं पण जाईल असं वाटलं."

"आणि दादाला?"

 त्यांचा हात डोळ्याला जात होता, मी तो धरला, डॉक्टरांनी डोळा चोळायचा नाही म्हणून बजावलंय. मग म्हणाले, "समद्यांसमोर मारलं हुतं ना. आता कुणाच्या तोंडानं सांगू, की चुकलं?"

दादा, तू पहिले दोन महिने हडपसरला तुझ्या मित्राच्या, केदारच्या खोलीवर होतास, हे त्यांना माहीत होतं. ते एका रविवारी तिथपर्यंत आले होते. स्टॉपवर उतरले, गल्लीच्या तोंडाशी टपरीवर चहा घेतला. तू वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतास. त्यांनी तुला पाहिलं. आणि पुढच्या बसने परत आले. आईला सांगितलं, मंडईत गेलो होतो.

आई हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती, हातात डोळ्याच्या थेंबांची बाटली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षं तिने प्रत्येक चौदा एप्रिलला एक ताट झाकून ठेवलं. ती आत आली, आधी पप्पांच्या डोळ्यात थेंब घातले, बाटलीला झाकण लावलं आणि मग बोलली.

"दोघं एका घरात मूग गिळून बसलात. आणि पोर माझं गेलं."

त्यानंतर तीन दिवस ती आमच्या दोघांशीही बोलली नाही. थेंब मात्र दिवसातून सहा वेळा, वेळेवर.

मला पप्पांचा खूप राग आला होता. मग लक्षात आलं, त्यांचा राग करायला मला सोपं जातंय, कारण तेवढा वेळ मला स्वतःकडे बघावं लागत नाही. आणि आणखी एक लक्षात आलं, तेही लिहिते, मला आवडलं नाही तरी. त्यांनी तुला परत आणलं असतं तर मला कळलं असतं की त्यांना माहीत आहे. मला सांभाळायला त्यांनी तुला सोडलं. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण त्यात तुझी जागा गेली आहे. हे मी यापुढे कुणी ‘घरातली पहिली’ म्हणालं की लक्षात ठेवीन.

दीक्षा

*

रविवार, २३ मार्च २०२५

दादा,

जयभीम.

घड्याळ झालं.

कामाच्या शेवटच्या दिवशी मी पप्पांना घेऊन बुधवार पेठेत गेले. गर्दीत त्यांना धक्का लागू नये म्हणून मी पुढे आणि आई मागे. मेहेंदळे काकांनी काळा चष्मा लावलेल्या पप्पांकडे बघितलं आणि म्हणाले, "या. तुमच्याच घड्याळाने माझा सगळा फेब्रुवारी खाल्ला."

तबकडी पांढऱ्या कागदावर ठेवली होती. हवा मारून आणि कुंचल्याने बरीच धूळ गेली होती, पण बाराच्या खाली आणि तीनजवळ हळद चिकटून राहिली होती. काकांनी मला बोटांच्या टोप्या दिल्या आणि तो हिरवट गोळा टोकदार करून हातात दिला.

"मी?"

"नाहीतर कोण? तुमच्या डोक्यातून जायला नको का ते."

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं, दादा. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रेघा वाचता येतात.

टेकवायचं आणि उचलायचं. पहिल्यांदा मी गोळा टेकवलाच नाही. मग टेकवला. उचलला तेव्हा त्याला पिवळा ठिपका आला होता आणि तीनचा आकडा जागेवर होता. मी दर वेळी गोळ्याकडे आधी बघत होते, काळं लागलं का म्हणून. नाही लागलं. बाराजवळचा एक डाग निघेना. मी आणखी एकदा टेकवणार, तर काका म्हणाले, "पुरे. तेवढा असू द्या." तो असू दिला.

मग त्यांनी पप्पांना विचारलं, "खालचे पाच आकडे भरून देणारा माझ्या ओळखीचा आहे. बेमालूम करतो. सांगू का?"

पप्पांनी तबकडी भिंगातून बघितली. आयुष्यात पहिल्यांदा ते भिंगातून बघत होते. बराच वेळ बघितलं.

"नको," म्हणाले. "भरले तर मी विसरंन."

 काकांनी काटे बसवले, काच पक्की दाबून बसवली आणि चावी दिली. दुकानात इतकी घड्याळं आहेत, पण आम्हाला तेवढ्याचाच आवाज आला.

पप्पांनी ते मनगटाला लावलं नाही. रुमालात बांधून खिशात ठेवलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "पत्र लिही. मी सांगतो तसं. तुझ्या पुस्तकातली भाषा घालू नको."

ते सांगतात तसं लिहिते :

"राकेश, तुझ्या हातून काय झालं नव्हतं. मला चौथ्या दिवशी कळलं. तरी मी गप बसलो. तुला चारचौघांत मारलं, तर चारचौघांतच सांगाया पाहिजे. हितल्या लोकांना मी जयंतीच्या बैठकीत सांगितलं, परवाच. समदे हुते. त्या वेळचे जे जिवंत हायेत ते समदे. पण तू हितं नव्हतास. म्हणून औंदा जयंतीला मी पुण्यात थांबत नाय. तुझ्याकडं येतो. तुझ्या गावच्या विहारात, तुझ्या लोकांसमोर सांगतो. तुला नको आसंल तर तसं कळव, येणार नाय. दारात बसणार नाय. पोरीला भेटीव असं बी म्हणणार नाय."

दादा, बैठकीत ते खरंच उभे राहिले. मीही राहिले. मी काय बोलले ते तुला सांगत नाही, ते तुझ्यासाठी नव्हतं, माझं होतं. रविवारच्या वर्गात निकिताला मात्र तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ताई, तुम्ही अजून शिकवणार ना?" मी म्हटलं, तुम्ही ठरवा. त्यांचं अजून ठरतंय.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. आईने तिळाच्या चटणीचं सामान आणलं आहे. ती कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, "गप बस, तीळ चांगले होते म्हणून आणले." मी येणार नाही. आधी तुम्ही दोघं भेटा. मला बोलवायचं की नाही ते नंतर तुझ्या मनाने ठरव, आणि नाही बोलावलंस तरी मला कळेल.

एवढंच कळव. तुमच्या इथे वंदना किती वाजता असते? पप्पांना वेळेआधी पोचायचं आहे.

दीक्षा

*

रविवार, ६ एप्रिल २०२५

दादा,

काल पोस्टमन आला तेव्हा मी शाळेत होते. घरी पप्पा एकटे होते. पत्र नव्हतं, पोचपावतीच होती.

मी संध्याकाळी आले तर ते दारात खुर्ची टाकून बसले होते. आई उंबऱ्यावर होती.  पप्पांनी पावती माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही. मी त्यांच्या हातातच वाचली.

तुझी सही. आणि सहीच्या खाली, पावतीच्या कडेला, पेन्सिलीने : ‘सकाळी ७.’

मी म्हटलं, "पप्पा, वाचलंत तुम्ही?"

"मग? आकडे येत्यात मला."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, घड्याळ मनगटाला लावलं. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला, हात बारीक झालाय त्यांचा. मग त्यांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताचं बोट आणलं आणि काचेच्या खालच्या बाजूला, सहाच्या जरा डावीकडे, जिथे आता काहीच नाही, तिथे बरोबर टेकवलं.

"हितं," म्हणाले.

आणि बोट उचललं.

दीक्षा